आईला दिसतं ते असं

चौकटीतली मधली आडवी रेघ डावीकडून सरळ निघते. मध्याच्या थोडं अलीकडे ती वर उचलली जाते, वाटाण्याएवढ्या जागेला वळसा घालते, पलीकडे उतरते आणि पुन्हा सरळ होते. तिच्या वरची रेघही तशीच वाकते, पण कमी. त्याहून वरची जेमतेम. वळशाच्या आत काहीच नाही, नुसता कोरा कागद.

हे चित्र आईने काढलेलं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला चौकोनांच्या जाळीचा एक छापील कागद दिला होता. डावा डोळा हाताने झाकायचा, उजव्याने जाळीच्या मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा वाकड्या दिसल्या तर येऊन सांगायचं. पण आईची सगळी नोकरी एका इंजिनिअरिंग कचेरीत नकाशांच्या नकला काढण्यात गेली होती. मूळ नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि एकेक रेघ शाईने गिरवायची. "वाकडं दिसतं" एवढंच तोंडी सांगणं तिला अर्धवट काम वाटलं. तिने पट्टी शोधली, पेन्सिलीला टोक केलं आणि जाळी जशी दिसते तशी दुसऱ्या कागदावर उतरवली. जाळी बघताना नजर ठिपक्यावर, रेघ ओढताना मान तिरकी करून कडेच्या नजरेने. अख्खी दुपार त्यात गेली.

"हे घे," ती मला म्हणाली. "त्यांना म्हणावं, वाकडं म्हणजे किती वाकडं ते बघा."

डॉक्टर बाईंनी चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. मग मशीनने काढलेला डोळ्याच्या पडद्याचा फोटो त्याच्या शेजारी धरला. पडद्याच्या बरोबर मधोमध एक छिद्र होतं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: ऑपरेशन करायचं, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडायचा आणि पुढचे काही दिवस पेशंटने पालथं पडून राहायचं, म्हणजे बुडबुडा वर सरकून छिद्रावर दाब ठेवतो आणि ते बुजतं. छिद्र लहान असेल तोवर बुजण्याची शक्यता चांगली. पण ते मोठं होत जातं.

"थांबलात तरी मी हेच ऑपरेशन करेन," त्या म्हणाल्या. "फक्त आज जी खात्री देते ती तेव्हा देता येणार नाही."

आईचा डावा डोळा लहानपणापासून नावापुरता. जे काही आहे ते उजव्यात.

"घरी विचारून कळवतो," आई म्हणाली.

घरी आम्ही दोघीच राहतो. पण घरी विचारायचं म्हणजे दादाला विचारायचं, हे मला न सांगता कळलं.

*

दादा लांब राहतो, इतका लांब की आमच्याकडे जेवणं होतात तेव्हा तो अंथरुणातून उठत असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवायचा आणि आईने त्याच्याकडे तोंड करून बसायचं, अशी पद्धत. डॉक्टरांकडून आल्यावर मी त्याला वेगळा फोन केला तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "फोनवर नको, चिऊ. आई आसपास असते, तिच्या कानावर पडतं. तू मेल कर. मी नीट वाचून, विचार करून उत्तर देतो."

नीट वाचणं आणि विचार करणं यात दादाचा हात धरणारं कुणी नाही. उत्तर देण्याचं तेवढं राहतं. ते पूर्वी असं नव्हतं. बाबांच्या वेळी डॉक्टर बाहेर आले होते आणि त्यांनी आमच्या तिघांकडे बघून विचारलं होतं, "काय करायचं? उघडायचं ना?" आणि दादा म्हणाला होता, "करा." बाबा त्या टेबलावरून परत आले नाहीत. आमच्या घरात त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, दोष देणं तर लांबच. पण त्यानंतर दादा कशालाच 'करा' म्हणाला नाही. वहिनी सांगते, बैठकीच्या खोलीचे पडदे आणायला यांना घेऊन गेले, तर दुकान बंद व्हायची वेळ झाली आणि हे अजून कापडाची माहितीच वाचतायत.

मी मेल केली. मी एका रंगांच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते. आमचा स्कॅनर चांगला आहे, रंगाचे नमुने त्यावर जसेच्या तसे उतरतात. आईचं चित्र मी तिथे स्कॅन केलं. स्कॅन केलेली चित्रं लॅबच्या नेटवर्कवरच्या आतल्या पानावर जमा होतात, तिथून मी ते कॉपी केलं आणि मेलमध्ये पेस्ट केलं. स्क्रीनवर ते उत्तम आलं. पेन्सिलीचा दाबसुद्धा कळत होता. विषयाच्या ओळीत लिहिलं: 'आईला दिसतं ते असं'. डॉक्टर काय म्हणाल्या ते चार वाक्यांत लिहिलं. आई हल्ली चहा ओतताना कपाकडे न बघता खिडकीकडे बघते, कारण बघितलं की कप नाहीसा होतो, हेही लिहिलं. चित्राबद्दल मात्र काही लिहिलं नाही. आधी मोजमाप समोर ठेवावं, मत नंतर मांडावं, अशी मला कामाची सवय आहे. चित्र आईने काढलं होतं, दादाने ते माझ्या शब्दांतून कशाला बघायचं? शेवटी एकच प्रश्न विचारला: करायचं की नाही?

त्याचं उत्तर आलं ते हातभर लांब. वर दोन ओळी त्याच्या: "चित्र बघितलं. फार वाईट वाटलं. खालचं सगळं वाच." त्याखाली कुठून कुठून उचलून चिकटवलेला मजकूर. एक परिच्छेद मोठ्या अक्षरात, पुढचा बारीक, तिसऱ्याच्या मागे राखाडी पट्टा. डोळ्यांचे व्यायाम, कुणाच्या तरी आत्याचा अनुभव, एका औषधी तेलाची जाहिरात (ती बहुधा चुकून आली असावी) आणि दर थोड्या वेळाने एक सुटी ओळ: 'उत्तर द्या, उद्धृत करा, तक्रार नोंदवा'. मी तिन्ही करायला तयार होते.

"काय म्हणतो?" आईने विचारलं.

"वाचतोय."

"वाचू दे. तो सगळ्या बाजूंनी बघतो."

मी म्हटलं, "आई, तुझ्या डोळ्याचं आहे. तूच सांग ना काय ते."

"मी काय सांगणार? मला काय कळतंय त्यातलं?" एवढं म्हणून ती खिडकीकडे बघत चहा ओतायला लागली. चहा कपात पडला, थेंब बाहेर नाही.

*

दुसऱ्या वेळी आईने चित्र काढलं तेव्हा कोरी जागा वाटाण्याची वालाएवढी झाली होती. मी ते स्कॅन केलं, कॉपी केलं, पेस्ट केलं. विषयाची ओळ तीच. या वेळी फक्त एवढंच लिहिलं: "आधीच्या चित्राशी ताडून बघ. फरक तुला दिसेलच. डॉक्टर विचारतायत. करायचं की नाही?"

उत्तर आलं, "बघितलं गं. फरक काय बघायचा आता." खाली आणखी मोठा ढीग.

मला राग आला तो त्या 'आता'चा. फरक मी पट्टीने मोजला होता. फरक नाही असं कसं म्हणतो हा?

तिसऱ्या मेलला त्याने जे चिकटवून पाठवलं ते वाचून मी लॅबमधल्या खुर्चीवरून उठून बाहेर नळापाशी जाऊन उभी राहिले. 'घरातील व्यक्तीची दृष्टी गेल्यावर' असा एक लांबलचक लेख होता. टेबलांचे कोपरे गोल करून घ्या. सामानाची जागा बदलू नका. खोलीत शिरताना आधी बोला. आई अजून सुईत दोरा ओवते. चिडत, मान वाकडी करत, पण ओवते. आणि हा मला टेबलांचे कोपरे गोल करायला सांगतोय.

मी परत आले तर माझ्या टेबलापाशी आमचे विक्रीवाले उभे. त्यांचं काम म्हणजे गिऱ्हाइकाला शब्द देऊन येणं आणि तो पाळायला मला सांगणं.

"मॅडम, मेल बघितली का? भिंतीचा फोटो पेस्ट केलाय. अगदी हाच रंग हवाय पार्टीला."

"बघितली. राखाडी आहे."

"राखाडी? अहो, हिरवा आहे. छान मऊ हिरवा."

"तुमच्या स्क्रीनवर असेल."

"म्हणजे? मी कॉपी केलं, पेस्ट केलं. मधे काय बदलणार? मला दिसतं ते तुम्हाला का दिसत नाही?"

"भिंतीचा टवका आणा, नखाएवढा चालेल," मी म्हटलं. "चित्रावरून मी रंग करून देत नाही."

"तुम्ही ना मॅडम, साधी गोष्ट अवघड करता," ते म्हणाले आणि हसत गेले. गिऱ्हाइकाकडे जाऊन माझ्या नावाने ते काय सांगणार, तेही मला ठाऊक होतं.

त्या रविवारी दादाचा फोन आला. आई टेबलापाशी बसली. हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, वहिनीची नोकरी कशी आहे, सगळं झालं. डोळ्याचा शब्द नाही. दादा एकदम मऊ आवाजात म्हणाला, "आई, तू घरात एकटी फिरू नकोस हं. चिऊचा हात धरत जा."

"का रे बाबा? चिऊ पडते की काय?"

तिकडे कुणी हसलं नाही. मग वहिनीने फोन घेतला. "मी काही बोलत नाही हं," ती म्हणाली. वहिनी बोलायला लागायच्या आधी हेच म्हणते. "पण हे कामावरून आले की त्या कॉम्प्युटरपुढे. जेवायला हाक मारली तर म्हणतात, 'थांब, कुणीतरी उत्तर दिलंय.' कुणी दिलंय, कशाचं दिलंय, सांगतील तर शपथ."

"आम्हाला पण कुणीतरी उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं," मी म्हणाले. आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

*

गुरुवारी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर बाईंनी आईसाठी एक जागा राखून ठेवली होती. उद्या दुपारपर्यंत होय-नाही कळवा, नाहीतर ती दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल, आणि पुढची जागा कधी ते आत्ता सांगता येत नाही.

मी अर्धा दिवस टाकून घरी आले. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी तिच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर लावला. दादाला पुन्हा मेल करून उपयोग नव्हता. त्यापेक्षा तो हे सगळं उचलतो कुठून ते बघावं, असं ठरवलं. त्याच्या शेवटच्या मेलमधलं एक विचित्र वाक्य मी कॉपी केलं, 'आमच्या सासूबाईंनी शेवटी अंधाराशी मैत्री केली', आणि शोधाच्या चौकटीत पेस्ट केलं.

लगेच सापडलं. डोळ्यांच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी चालवलेला एक फोरम. चर्चेचं शीर्षक: 'आईसाठी सल्ला हवा, फार तातडीचं'. सुरू करणाऱ्याने स्वतःचं नाव 'काठावरचा' असं घेतलं होतं.

मी पहिली ओळ वाचली आणि ती मला ओळखीची वाटली. पुढे वाचत गेले. 'आई हल्ली चहा ओतताना कपाकडे न बघता खिडकीकडे बघते, कारण बघितलं की कप नाहीसा होतो.' वाक्य माझं होतं. त्याआधीची, डॉक्टरांचं म्हणणं सांगणारी चारही माझी होती, अगदी माझ्या विरामचिन्हांसकट. माझ्या आईचा चहा परक्या लोकांसमोर मांडून ठेवला होता आणि खाली त्यांनी गर्दी केली होती. मला इतका संताप आला की पुढचं मी दोनदा वाचल्यावर डोक्यात शिरलं.

माझी वाक्यं संपल्यावर दादाने स्वतःचं लिहिलं होतं:

'आईने तिला काय दिसतं त्याचं चित्र काढलं आहे. ती नकाशे काढायची, त्यामुळे त्यात चूक नसणार. चित्रात फक्त बाहेरची चौकट आहे. आत काही नाही. एकही रेघ नाही. फक्त डाव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीकशी खूण आहे, फाटक्या कागदासारखी. (नंतर जोडलेलं: बहिणीने दुसरं चित्र पाठवलं, तेही अगदी तसंच.) मला तिला विचारायचं धाडस होत नाही. कोपऱ्यातलं तेवढंच दिसत असेल का?'

खाली 'निळी छत्री' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं: 'चित्र इथे टाका, बघून सांगते.'

दादाने टाकलं होतं. म्हणजे माझ्या मेलमधून कॉपी करून तिथे पेस्ट केलं होतं. पोस्टमध्ये एक रिकामी चौकट होती आणि तिच्या कोपऱ्यात चित्र न उघडल्याची ती बारीक खूण.

'निळी छत्री': 'हो, मलाही चौकट दिसते, आत काहीच नाही. अरेरे.'

'जुना खेळाडू': 'मलाही तसंच. मधला सगळाच भाग गेलेला दिसतो. एवढं गेल्यावर ऑपरेशनचा त्रास कशाला? वय बघा.'

'मधमाशी': 'कोपरा शिल्लक आहे हे चांगलं लक्षण. आशा सोडू नका. सोबत एक तेल सुचवते.'

आणि मग सासूबाई, अंधार, टेबलांचे कोपरे. पानांमागून पानं. सगळी माणसं चांगली. सगळी मनापासून लिहिणारी. सगळी एका न उघडलेल्या चित्राकडे बघून हळहळणारी.

मी माझी मेल उघडली. पाठवलेल्यांतली पहिली, 'आईला दिसतं ते असं'. लॅबमध्ये ती मी अनेकदा उघडून बघितली होती, आणि दर वेळी चित्र जागच्या जागी होतं. इथे, आईच्या खोलीत, माझ्या चार वाक्यांखाली एक रिकामी चौकट होती. दुसऱ्या मेलमध्येही तीच. मी पेस्ट केलं होतं ते चित्र नव्हतंच, चित्राचा पत्ता होता, नुसती लिंक. तो पत्ता लॅबच्या आतला, आणि लॅबच्या भिंतीबाहेर त्याला कुणी ओळखत नव्हतं. मी विक्रीवाल्यांकडे भिंतीचा टवका मागितला होता आणि स्वतः मात्र हे पाठवत होते.

पण दादाने विचारायला काय हरकत होती? एक ओळ. 'चिऊ, चित्रात काही नाही.' पाच शब्दही नाहीत. माझं वाक्य कॉपी करायला त्याला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात झालं असतं.

मी फोन लावला. स्पीकर नाही, मेल नाही, रविवारही नाही.

"चिऊ? काय झालं? आई..."

"आई कपडे वाळत घालतेय. दादा, 'काठावरचा' तू आहेस ना?"

"तुला कसं कळलं?"

"माझं लिहिलेलं मला ओळखू येतं. ते नंतर. आधी सांग, तू मला का नाही विचारलंस, चित्रात आत काहीच नाही म्हणून?"

"काय विचारू?" त्याचा आवाज एकदम चढला. "तू वर लिहितेस, आईला दिसतं ते असं. खाली रिकामी चौकट. आणि त्याखाली, फरक तुला दिसेलच! मी काय विचारायला हवं होतं, चिऊ? आईला खरंच काहीच दिसत नाही का गं, असं? ते तुझ्याकडून लिहून घेऊ?"

"अरे, ते चित्र उघडलंच नव्हतं!"

"म्हणजे?"

"म्हणजे चित्र पोचलंच नाही तुझ्याकडे. कोपऱ्यातली ती फाटक्या कागदाची खूण कॉम्प्युटर काढतो, आई नाही. चित्रात सगळी जाळी आहे. सगळ्या रेघा आहेत. मधे फक्त वालाएवढी जागा कोरी आहे."

"सगळ्या रेघा?"

"सगळ्या. आई सुईत दोरा ओवते, दादा. काल माझ्या कुर्त्याचं बटण लावलं तिने."

तिकडून काही आवाज आला तो मला आधी खोकल्यासारखा वाटला. मग वहिनीचा आवाज, "काय झालं हो? अहो, काय झालं?" आणि दादा तिला सांगत होता, "रेघा आहेत. सगळ्या रेघा आहेत," आणि वहिनी विचारत होती, "कसल्या रेघा?"

"मग इतके दिवस," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला नको तितका वर गेला, "इतके दिवस तू मला व्यायाम, तेल, कुणाच्या सासूबाई, हे कशाला पाठवत होतास? एक शब्द मागितला होता मी. एक. हो किंवा नाही. तो कुठून कॉपी करून मिळत नव्हता म्हणून?"

"काय लिहू? नको लिहू, की आता उपयोग नाही म्हणून? आणि कर लिहू, आणि पुन्हा. तसंच झालं तर? एकदा म्हटलंय मी, चिऊ. पुन्हा नाही मला म्हणता येत."

आई दारात उभी होती. रिकामी बादली हातात, कमरेला टेकवलेली. ती केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. आमच्या घरात गॅलरीतून या खोलीतलं सगळं ऐकू येतं. म्हणून तर दादा मेल कर म्हणाला होता.

"स्पीकरवर टाक," ती म्हणाली.

मी टाकला.

"अरे," आई फोनच्या थोडं बाजूला बघत म्हणाली, कारण सरळ बघितलं की फोन जातो, "तुला वाटलं मी आंधळी झाले?"

"आई..."

"म्हणून त्या दिवशी चिऊचा हात धर म्हणालास होय? मला वाटलं, लांब राहून पोराला प्रेम फुटलंय."

दादा हसला की रडला ते कळलं नाही. आईने बादली खाली ठेवली आणि पलंगाच्या कडेला बसली. "माझं ऐक. मला सगळं दिसतं. मधलं तेवढं दिसत नाही. तुझा फोटो आहे ना भिंतीवर, त्यात तुझे कान दिसतात, केस दिसतात, तोंड जातं. मी मान वळवते, मग तोंड येतं आणि कान जातात. एवढंच आहे. पण ते वाढतंय. मी काढलेत ना कागद, मला माहीत आहे किती वाढतंय ते."

"मग तू आधीच का नाही बोललीस?" हे मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण सुटलं. "मी रोज विचारत होते तुला. रोज म्हणायचीस, दादा सांगेल तसं."

आई माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या कानाकडे.

"त्या दिवशी डॉक्टर बाहेर आले," ती म्हणाली, आणि कुठला दिवस ते आम्हा दोघांनाही विचारावं लागलं नाही. "त्यांनी विचारलं आपल्या तिघांना. खरं तर मलाच विचारलं होतं. माझ्याकडेच बघत होते ते. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मी याच्याकडे बघितलं, म्हणून हा बोलला." मग फोनकडे वळून, "तू बोललास ते माझं होतं, बाळा. तुझ्या तोंडून गेलं एवढंच. आणि मी पुन्हा तेच करत होते. तू म्हणशील म्हणून वाट बघत बसले होते."

कॉम्प्युटरवर अजून तो फोरम उघडा होता. 'मधमाशी'ने नवीन काहीतरी लिहिलं होतं, पान आपोआप हललं.

"पालथं पडून राहावं लागेल बरं का आई," दादा हळूच म्हणाला. "बरेच दिवस. मी वाचलंय. मानेखाली काय घ्यायचं, जेवायचं कसं, सगळं आहे माझ्याकडे. पाठवू का?"

"तू ये," आई म्हणाली. "येताना घेऊन ये सगळं. चिऊ एकटी किती करेल? पण ते ऑपरेशन झाल्यावर. आधी तू काही म्हणायचं नाहीस. हो नाही, नको नाही, वाच नाही. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"चिऊ, दवाखान्याचा नंबर लाव तुझ्या फोनवर."

मी लावला. तिकडे घंटा वाजायला लागली. काय विचारतील त्याचं उत्तर मी मनात जुळवत होते: पेशंटचं नाव, डोळा उजवा, मुलगी बोलतेय. तेवढ्यात आईने हात पुढे केला, तिरकी मान करून फोन नीट बघितला आणि माझ्या हातातून काढून घेतला. पलीकडे कुणीतरी 'हॅलो' म्हणालं.

"हां, मी स्वतः पेशंटच बोलतेय," आई म्हणाली. "बाईंना सांगा, ती जागा माझीच ठेवा. मी ऑपरेशन करून घेणार आहे."